नववी पेंढी

आमच्या घरात माणसांच्या आधी कुत्र्यांचं शिजायचं. भिवंडीजवळ राहनाळला आमच्या घराच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या आडोशाखाली तीन दगडांची चूल होती आणि तिच्यावर कायमचं मुक्कामाला आलेलं एक काळं पातेलं. सकाळी त्यात तांदळाच्या कण्या, हळद आणि खाटकाकडून आणलेले कोंबडीचे पाय नि माना पडायच्या. तासाभरात त्याचा जो वास सुटे तो माझ्या केसांत, वह्यांत, शाळेच्या गणवेशात असा मुरे की शेजारची मुलगी बाकाच्या पार टोकाला सरकून बसे. आई एका हातानं आमच्यासाठी तांदळाची भाकर थापायची आणि दुसऱ्या हातानं पातेल्यातला डाव फिरवायची. तोंड दोन्हीकडे चालू. "कुत्र्यांना ताजा रस्सा, आन् माज्या पोरीला कालचा सुकट. पुढच्या जल्मी मना कुत्री म्हनून घाला या घरात." बाबा हसायचे आणि पातेल्यातला एक पाय काढून फुंकर घालत चंपासाठी बाजूला ठेवायचे. चंपा ही आमची थोरली अल्सेशन कुत्री. तिचा मान आईनंतरचा होता, आणि काही दिवशी आईच्याही आधीचा.

शेतावर गोडाऊन आली, गोडाऊनला राखण लागली आणि राखणीला कुत्री, एवढाच आमच्या धंद्याचा इतिहास आहे. बाबांना शाळेचं दार माहीत नव्हतं, पण कुत्रीच्या पोटावर हात ठेवून आत किती पिल्लं आहेत ते सांगायचे. एखादं दुसरं चुकलं तर म्हणायचे, "लपून बसला व्हता तो." घराच्या एका बाजूला कापडाचे लूम खटाखट चालायचे, दुसऱ्या बाजूला ट्रक मागे सरकताना पीं पीं करायचे आणि मधे आमची नऊ-दहा कुत्री त्या दोघांना उत्तर द्यायची. आता त्या ट्रकांच्या जागी लांबलचक कंटेनर आलेत, लूम निम्मे बंद पडलेत, पण भुंकणं तेवढंच आहे. मी हे लिहिते आहे तेही त्या भुंकण्यातच. माझी पुस्तकं छापणाऱ्या बाईंचा फोन आला की त्या आधी विचारतात, "आत्ता बोलता येईल का, की जेवायची वेळ आहे त्यांची?"

मी दुसरीत गेले तेव्हा बाबांनी एक दोनशे पानी वही आणली आणि मला घराण्याचा कारकून नेमलं. कुत्र्याची जोडी लावायची असली की मला घरात पिटाळलं जाई. मुलींनी तिथं थांबायचं नसे. काम उरकलं की बाबा हात धुऊन उंबऱ्याशी यायचे आणि फक्त एक शब्द बोलायचे, "लिव." काय लिहायचं ते कोणी सांगत नसे, मला विचारायचं नसे. मी कॅलेंडर बघून तारीख टाकायची, कुत्रीचं नाव, कुत्र्याचं नाव. हे सगळं पेन्सिलीनं. वेत सुखरूप झालं, पिल्लं डोळे उघडून चालायला लागली, की मगच ते सगळं पेनानं गिरवायचं. बाबांचा तो नेम होता. पोटातल्या जीवाचं पक्क्या शाईत लिहिलं तर दृष्ट लागते, असं त्यांना वाटे. आणि प्रत्येक वेताला मुळाक्षरांतलं पुढचं अक्षर. मी वहीत लिहिलेलं पहिलं वेत क चं, म्हणून ती सगळी पिल्लं क ची. चंपा च ची. बाबांना अक्षरं अशीच ओळखू यायला लागली. एसटीच्या पाटीवर बोट ठेवून ते म्हणायचे, "हा आपल्या भीमाचा भ न्हाय का?"

पुढे पिल्लाबरोबर एक कागद द्यायची पद्धत पडली. गोडाऊनवाल्या शेठ लोकांना कागद लागतो. मी त्यात आई-बापांची नावं लिहायची आणि उरलेली जागा मोकळी दिसते म्हणून स्वभावही लिहायची. 'हा अनोळखी माणसाला फाटकाशी थांबवील, पण त्याच्या हातात सुकट असेल तर खात्री देता येत नाही.' 'ही झोपेतही एक कान उघडा ठेवते. तिच्या आजीला ही सवय होती.' आजीला अशी काही सवय नव्हती. आजी कोण हेच मला ठाऊक नव्हतं. पण शेजारच्या वडपे गावचा एक शेठ तो कागद भिंतीला लावून आल्यागेल्याला वाचून दाखवी. सभांमधून मला विचारतात की पहिलं लेखन कोणतं, तेव्हा मी काहीबाही सांगते. खरं उत्तर हे आहे. मी कुत्र्यांच्या खोट्या आज्या लिहीत होते, लोक खूश होत होते आणि बाबा तर छाती फुगवून सांगत होते, "माजी बाय लिवते. तिचा लिवलेला कदी चुकायचा न्हाय." आमच्याकडे लाडाच्या लेकीला बाय म्हणतात.

त्या लाडाचा फास कसा बसत गेला ते मला फार उशिरा कळलं. चंपा विण्याच्या वेळी माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देईना. आईवर गुरगुरे, बाबांना सहन करी, माझ्या मांडीवर मात्र डोकं टेकून कळा देई. घरात सगळ्यांना याचं कौतुक. मग प्रत्येक वेताला मी हवीच. मावशीचं लग्न झालं तेव्हा मी घरी, शाळेची सहल गेली तेव्हा मी घरी, नाट्यस्पर्धेत माझं काम दुसरीला गेलं कारण गौरी नावाची कुत्री त्याच आठवड्यात व्यायची होती. आम्ही तिघं मिळून एकदाच बाहेर गेलो, अकलोलीच्या गरम कुंडांवर. आईनं पाय पाण्यात सोडले, डोळे मिटले, आणि बाबा म्हणाले, "चला, तीनची येळ झाली त्यांची." आईचे पाय नीट लालसुद्धा झाले नव्हते. मी चिडले, आई चिडली नाही. तिचं न चिडणं बघून मला घाबरायला झालं, कारण मीही एक दिवस अशीच होईन हे मला दिसलं. कुणी मला मारत नव्हतं, डांबत नव्हतं, वाईट बोलत नव्हतं. नुसती माझ्यावाचून अडत होती सगळी, आणि जाळीच्या आत कुत्री होती की मी, हे सांगणं अवघड होतं.

बारावी झाल्यावर मी गुपचूप डी.एड.चा अर्ज भरला. पत्र आलं. अलिबागेकडच्या एका अध्यापक विद्यालयात नंबर लागला होता, वसतिगृहासकट. अमुक सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. मी ते पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. बाबांना वाचून दाखवलं तर त्यांचा चेहरा खुलला. मास्तरीण होणार म्हणून शेजारी सांगून आले. आणि मग चुलीपाशी बसता बसता म्हणाले, "चंपाचा वेत होऊं दे, मंग खुशाल जा. तुज्याबिगर ती काय कुनाला हात लावू द्याची न्हाय." मी वही काढली, मोजलं. नऊ आठवडे धरले तर चंपाचा दिवस त्या सोमवारनंतर चार दिवसांनी येत होता. फक्त चार दिवस. मी आईकडे पाहिलं. ती भाकर थापत राहिली.

त्याच दुपारी मी खोडरबर घेतलं. पेन्सिलीचं लिखाण, काय जातंय? जोडीची तारीख दहा दिवस मागे नेली, फुंकर मारून कण उडवले आणि वही बाबांसमोर धरली. "बाबा, मी आधी चुकीचं मोजलं होतं. सोमवारच्या आधीच व्यायची ती." माझा हिशेब असा की एकदा त्यांनी हो म्हटलं, ट्रंक भरली, गावभर झालं, की दिवस उलटून गेला तरी मला मागे कोण ओढणार? दोन-चार दिवस पुढंमागं होतातच, असं म्हणून निघून जायचं. चंपाचं काय होईल याचा विचार मी केला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. केला होता. व्याईल ती, कुत्र्या काय जगात माझ्याच भरवशावर वितात, असा केला होता. बाबा वहीकडे बघत बसले. त्यांना आकडेही धड वाचता येत नव्हते, तरी बघत बसले. मग उठून कुत्र्यांच्या खोलीत गेले, दार आतून लोटून घेतलं आणि थोड्या वेळानं बाहेर आले. "असंल," म्हणाले, "तुजा लिवलेला हाय म्हंजे असंल."

वहीतल्या हिशेबाचा दिवस उजाडला आणि गेला. चंपा आरामात पोट पसरून पडलेली. दुसरा दिवस गेला. बाबा दर दोन तासांनी तिच्या पोटाला हात लावायचे, आंचळ दाबून बघायचे आणि पुटपुटायचे, "दूध उतरला न्हाय अजून." मग पुन्हा त्या खोलीत, दाराच्या आड. मला वाटलं बिडी ओढायला जातात. आई म्हणाली, "हे काय दारामागं देव बसवलाय काय यांनी?" माझी ट्रंक भरलेली होती. तिच्यात नवा टॉवेल होता, त्याचा वास मी अधूनमधून घ्यायचे. त्या घरात कुत्र्यांचा वास नसलेली ती एकच वस्तू होती. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, बाबांचा धीर सुटला आणि ते भिवंडीहून जनावरांच्या डॉक्टरांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आले.

सकाळचे अकरा वाजले असतील. डॉक्टर चांगले होते, घाईचे होते. त्यांनी चंपाला तपासलं आणि विचारलं, "जोडी कधी लावली?" बाबांनी मला हाक मारली. मी वही आणली. त्यांनी बोटांवर मोजलं. "दहावा आठवडा चालू आहे. थांबलो तर आतली पिल्लं जातील, आणि हीपण. कळा येण्याचं इंजेक्शन देतो." मग वही मिटता मिटता ते सहज म्हणाले, "तारीख नक्की ना?"

बाबा काहीतरी बोलायला गेले. तोंड उघडलं, दाराकडे पाहिलं, डॉक्टरांच्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं आणि मिटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माजी बाय लिवते, साहेब. तिला इचारा."

मी त्या क्षणाबद्दल आजवर कुठंही लिहिलेलं नाही. तोंडातून एक 'नाही' काढायचं होतं. फार तर एक मुस्काटात बसली असती, सोमवार गेला असता. मला भीती मुस्काटीची नव्हती. मला दिसत होतं की 'नाही' म्हटलं की मी या पत्र्याच्या आडोशाखाली म्हातारी होणार. मी म्हटलं, "हो. नक्की."

डॉक्टरांचा काही दोष नाही. आज मी सोनोग्राफी केल्याशिवाय कुत्रीला कुणाला सुई टोचू देत नाही, पण तेव्हा आमच्याकडे सोनोग्राफी म्हणजे ती वही होती. दुपारी दोनच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. चंपानं माझ्या मांडीवर डोकं टेकलं, नेहमीसारखं. पहिलं पिल्लू आलं ते माझ्या मुठीत मावेल एवढं. अंगावर धड केस नव्हते. बाबांनी फडक्यानं चोळलं, उलटं धरून झटकलं, नाकात फुंकर घातली. दुसरं आलं. तिसरं. ते चोळत होते, फुंकत होते आणि चेहरा हळूहळू पडत होता, कारण जन्मभर हजारो वेळा पिल्लू हातात घेतलेल्या माणसाला ते कच्चं आहे हे कळणार नाही असं कसं होईल? सहा आली. शेवटचं श्वास घेत होतं. मी ते पोलक्याच्या आत, छातीशी धरून बसले. लूम चालू होते. दुपार कलताना गावातून असरची अजान ऐकू आली तोवर ते होतं, नंतर नव्हतं. ते वेत म अक्षराचं होतं आणि सहाची सहा नावं मी आधीच पुढच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवली होती. शेवटच्याचं नाव मोती ठरलं होतं. चंपा एकेकाला चाटत राहिली. बाबांनी कुंपणाच्या कडेला खड्डा खणला आणि आईनं वर मूठभर मीठ टाकलं. कोणी माझ्याकडे संशयानं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी पातेलं चुलीवर चढलं नाही. मी बाबांना शोधत कुत्र्यांच्या खोलीत गेले. ते दार लोटून त्याच्या आड उभे होते आणि ओल्या गोणपाटानं फळ्या घासत होते. फळ्यांवर कोळशाच्या रेघा होत्या. सहा उभ्या, त्यांच्यावर एक आडवी. पुन्हा सहा उभ्या, एक आडवी. भाताच्या पेंढ्या बांधून ठेवाव्यात तशा.

"हे काय, बाबा?"

"काय न्हाय. माजा येडेपना." ते घासतच राहिले. "रोज सकाळला पातेला ठेवताना एक रेघ. सात रेघांची एक पेंढी. नव पेंढ्या झाल्या की वेत. तू वही लिवायला लागलीस त्याच्या आधीपून करतोय मी. तुज्या वहीशी कवाच फरक पडला न्हाय. या येळंला पडला."

"किती होत्या?"

"आठ. पुरत्या आठ. नववी बांधायलाच घेतली नव्हती." त्यांनी गोणपाट पिळलं. काळं पाणी त्यांच्या पायावर सांडलं. "डाक्टरला सांगनार व्हतो मी. पन त्याला काय सांगू, दारावर कोळसा मारलाय म्हनून? वहीत लिवलेला सोडून माज्या रेघा कोन ऐकनार? माजाच दहा दिस रेघा मारायचा राह्यला असंल कुटं. म्हातारपन आला, बाय. मना आता कुत्र्यांच्या पोटाला हात लावायची छाती न्हाय." आणि मग, अगदी प्रेमानं, "तू जा सोमवारी. आता तुला आडवायला वेतबी न्हाय."

तो दिवस आणि रविवार मी कसा काढला ते मला सांगता येत नाही. दार सताड उघडं होतं आणि मी त्यातून बाहेर पडावं म्हणून बाबाच हात धरत होते. चंपा खात नव्हती, बाबाही खात नव्हते. चुलीपाशी बसून ते आपल्या हातांकडे बघायचे. आईनं माझ्यासाठी वाटेला भाकऱ्या आणि कोळंबीची चटणी बांधली.

सोमवारी भल्या सकाळी बाबांनी माझी ट्रंक डोक्यावर घेतली आणि आम्ही नाक्यावर आलो. एसटी यायची होती. त्यांनी ट्रंक खाली ठेवली, माझ्या हातात कागदात बांधलेला अंगारा दिला. मी तो घेतला आणि म्हटलं, "बाबा, तारीख मी बदलली. खोडून दहा दिवस मागं नेली. मला जायचं होतं."

मी गाल पुढे करून उभी होते, अक्षरशः. पण त्यांचा हात उठला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांना आनंद झाला होता.

"मंग माज्या रेघा बराबर व्हत्या," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"आठच पेंढ्या व्हत्या."

"आठच होत्या."

त्यांनी दोन्ही तळहात एकदा उलटेसुलटे करून पाहिले, धोतराला पुसले आणि वळून चालायला लागले. भरभर, जवळजवळ पळत, कुत्र्यांच्या वेळेला जायचे तसे. ट्रंक तिथंच, मी तिथंच. एसटी आली. कंडक्टरनं दार उघडून विचारलं, "यायचंय का, ताई?" मला कुणीही थांबवलं नव्हतं हे मी आजही स्वतःला सांगते. मी चढले असते तर बाबा आडवे आले नसते, आईनं तर मनातल्या मनात नारळ फोडला असता. पण सहा पिल्लांच्या खड्ड्यावरून पाय टाकून त्या गाडीत चढायचं मला जमलं नाही. मी नाही म्हटलं. शुक्रवारी म्हणायला हवं होतं ते 'नाही' मी सोमवारी कंडक्टरला म्हटलं, आणि ट्रंक ओढत घरी आले.

चुलीवर पातेलं चढलेलं होतं. आईनं मला बघितलं, हातातला डाव पातेल्यात सोडला आणि पदरानं तोंड झाकून आत गेली. बाबा दाराआड होते. पुसलेल्या जागी ते पुन्हा रेघा मारत होते, सहा उभ्या, एक आडवी, एकेक मोजून, आठ पेंढ्या पुऱ्या होईपर्यंत. शेवटची आडवी रेघ मारून त्यांनी कोळसा माझ्या हातात दिला. "पुढच्या येळंपासून तू मारायच्या," एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. नंतरही कधी रागावले नाहीत. फक्त त्यांनी मला पुन्हा कधी 'लिव' म्हटलं नाही.

जोडी लागली की हात धुऊन यायचे, उंबऱ्याशी थांबायचे आणि काही न बोलता आत जायचे. वही कोनाड्यात पडून राहिली. वर्षभरानं मी तीच खाली काढली आणि उरलेल्या कोऱ्या पानांवर, कोणी न सांगता, लिहायला लागले. माझी पहिली गोष्ट त्यात आहे. तिच्या दोन पानं आधी ती खाडाखोड केलेली तारीख आहे, आणि त्या तारखेच्या पुढच्या पानावर म ची सहा नावं. ती अजून पेन्सिलीतच आहेत. बाबांना जाऊन खूप वर्षं झाली. लोक मला लेखिका म्हणतात, राहनाळला कुत्रेवाली बाई म्हणतात, दोन्ही खरं आहे, आणि अलिबाग मी अजून पाहिलेलं नाही. खोली नवी बांधली तेव्हा गवंड्याला सांगून ते जुनं दार मी त्याच चौकटीसकट बसवून घेतलं. सध्या त्याच्या आड तुळसा नावाच्या कुत्रीच्या रेघा चालू आहेत. आज सकाळी पातेलं ठेवलं आणि सहा उभ्यांवर आडवी मारून तिसरी पेंढी बांधली.